फिट की मूर्च्छा? हृदय आणि मेंदूच्या मधल्या प्रश्नावर संशोधन कसं करावं

"पहाटे गजर वाजला की हिला फिट येते," एवढंच त्या मुलीची आई म्हणाली होती. मी ते केसपेपरवर उतरवलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. मुलगी सोळा वर्षांची. तीन वर्षं अपस्माराची गोळी घेत होती. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) दोनदा झालेला, दोन्ही वेळा नॉर्मल. ईसीजी एकदाही नाही. त्या रात्री ड्यूटीवरच्या रेसिडेंटने तो काढला आणि सकाळी राउंडला माझ्यासमोर धरला. क्यूटीसी ५२० मिलिसेकंद होता, म्हणजे बराच लांबलेला. (क्यूटी म्हणजे एका ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांची विद्युत क्रिया सुरू होऊन संपेपर्यंतचा वेळ; तो नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केला की क्यूटीसी.) हा वेळ लांबण्याचा विकार म्हणजे लाँग क्यूटी सिंड्रोम; त्याच्या दुसऱ्या प्रकारात अचानक झालेल्या आवाजाने हृदयाची लय बिघडते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि शरीराला झटके बसतात. आईने निदानच सांगितलं होतं. ते मी लिहून घेतलं होतं, पण ऐकलं नव्हतं.

मी जनरल फिजिशियन आहे, कार्डिओलॉजिस्ट नाही आणि न्यूरोलॉजिस्टही नाही. तरी गेली अनेक वर्षं माझा अभ्यास या दोन विभागांच्या मधल्या जागेत चालला आहे, आणि त्याची सुरुवात त्या सकाळी झाली. थीसिससाठी विषय शोधणारे रेसिडेंट आणि रोजची ओपीडी सांभाळून काही शोधू पाहणारे डॉक्टर मला विचारतात की नेमकी सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण माझ्याच अभ्यासाचं घेते, कारण त्यातल्या चुका मला आतून माहीत आहेत.

प्रश्न लहान करा

माझ्या पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं 'हृदयविकार आणि अपस्मार यांचा परस्परसंबंध'. या शीर्षकाखाली काहीही बसलं असतं, आणि म्हणूनच त्यातून काही हाती लागलं नसतं. चार वेळा खोडल्यावर प्रश्न असा झाला: आयुष्यात पहिल्यांदाच 'फिट' म्हणून दाखल झालेल्या, १५ वर्षांवरच्या रुग्णांपैकी किती जणांचा ईसीजी पहिल्या २४ तासांत निघाला? आणि ज्यांचा निघाला त्यांच्यापैकी किती जणांत त्या प्रसंगाचं कारण ठरू शकेल असा दोष होता?

यात कोण, काय, किती वेळात आणि काय मोजायचं, हे सगळं आहे. प्रश्न एका दमात वाचता येत नसेल, तर बहुधा त्यात दोन अभ्यास कोंबलेले असतात. मी दुसरा प्रश्नही त्यात ठेवला, याची किंमत पुढे मोजली. पहिल्याचं उत्तर नोंदींतून मिळतं, दुसऱ्यासाठी प्रत्येक ईसीजी नव्याने वाचावा लागतो. काम तिप्पट झालं.

प्रश्न ठरला की जुनं वाचा, पण दोन्ही विभागांच्या शब्दांनी शोधा. न्यूरोलॉजीत 'सीझर' (फिट) म्हणून जे लिहिलेलं असतं, तेच कार्डिओलॉजीत 'सिंकोपी' (मूर्च्छा) म्हणून सापडतं. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, फक्त एका शब्दाने शोधलंत तर अर्धं साहित्य डोळ्यांआड राहील. आणि फार मागेही जा. डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये मंद नाडी आणि बेशुद्धीचे झटके एकाच रुग्णात दिसतात, हे नोंदवलं होतं. त्यांच्याकडे ईसीजी नव्हता, ईईजी नव्हता. हाताखाली नाडी होती आणि समोर रुग्ण होता.

माझ्या विचाराला खरं वळण दिलं ते १९९४ च्या एका जर्मन अभ्यासाने. त्यात निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणली आणि सगळं व्हिडिओवर टिपलं. ज्या ४२ जणांना पूर्ण मूर्च्छा आली, त्यांतल्या ९० टक्के लोकांच्या अंगाला झटके बसले. मेंदू निरोगी, हृदय निरोगी, तरीही झटके. म्हणजे 'अंग थरथरत होतं' या एका वाक्यावर अपस्माराचं निदान उभं राहू शकत नाही.

कागद उघडण्याआधी शब्दांचे अर्थ ठरवा

दोन विभागांच्या मध्ये काम करताना सगळ्यात अवघड गोष्ट हीच. आमच्या पहिल्या बैठकीत न्यूरोलॉजीचे सहकारी आणि कार्डिओलॉजीच्या सहकारी 'बेशुद्धी' हा एकच शब्द वापरत होते आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक तास गेल्यावर हे आमच्या लक्षात आलं.

म्हणून पहिला कागद व्याख्यांचा करा. मूर्च्छा कशाला म्हणायचं, फिट कशाला म्हणायचं, आणि 'ठरवता येत नाही' हा तिसरा कप्पा कधी वापरायचा. तो तिसरा कप्पा ठेवाच. तो नसला की वाचणारा प्रत्येक संदिग्ध रुग्ण आपल्या सवयीच्या कप्प्यात टाकतो. व्याख्यांच्या कागदावर तारीख घाला, तिघांच्या सह्या घ्या, आणि त्यानंतरच पहिला केसपेपर उघडा. डेटा पाहून व्याख्या बदलली तर उत्तर आपल्या मनासारखं येतं, आणि ते आपण वाकवलंय हे आपल्यालाही कळत नाही.

मग तेच कागद दोघांना स्वतंत्रपणे वाचायला द्या. एकमेकांचं मत न सांगता. नुसतं 'इतके टक्के एकमत' असं लिहू नका, कॅपा काढा, म्हणजे योगायोगाने जुळणारं वगळून उरलेलं एकमत. समजा १०० रुग्णांत दोघांनी ४० ना फिट म्हटलं, ४० ना मूर्च्छा म्हटलं आणि उरलेल्या २० वर त्यांचं दुमत झालं, दहा इकडे, दहा तिकडे. एकमत ८० टक्के दिसतं. पण दोघांनी नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के जुळलंच असतं. त्या ५० च्या वर जी ५० टक्क्यांची जागा उरते, तिच्यातले ३० मिळवले, म्हणून कॅपा ०.६. ८० टक्क्यांपेक्षा हा आकडा कमी दिलासा देतो आणि जास्त खरा असतो. आमच्या त्या दुमताच्या कागदांची चळत मी आजही जपून ठेवली आहे. संशोधनातलं सगळ्यात मोलाचं वाचन मी त्या चळतीत केलं.

क्यूटी हाताने मोजा

इथे माझी चूक सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होईल अशी आहे.

पहिल्या फेरीत मला लाँग क्यूटीचे इतके रुग्ण सापडले की मी हुरळून गेले. मशीनने छापलेला क्यूटीसी मी जसाच्या तसा उतरवला होता. संख्याशास्त्र पाहणाऱ्या सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला: "या सगळ्यांची नाडी किती होती?" पाहिलं तर बहुतेकांची १०० च्या वर. फिट येऊन गेल्यावर नाडी जलद असतेच. आणि आमचं मशीन बॅझेटचं सूत्र वापरत होतं, ज्यात क्यूटीला आरआर अंतराच्या (दोन ठोक्यांमधल्या वेळाच्या) वर्गमुळाने भागतात. जलद नाडीत हे सूत्र क्यूटीसी फुगवतं.

हिशोब करून पाहा. नाडी ११०, म्हणजे आरआर अंतर ०.५४५ सेकंद. मोजलेला क्यूटी ३४० मिलिसेकंद. बॅझेटने क्यूटीसी येतो ४६०, म्हणजे स्त्रियांसाठी साधारण जी मर्यादा धरतात तिथेच. फ्रिडेरिशियाच्या सूत्राने, ज्यात वर्गमुळाऐवजी घनमूळ घेतात, तोच येतो ४१६, अगदी सर्वसाधारण. ही दोन्ही सूत्रं १९२० सालची. पहिलं मशीनमध्ये बसलं आणि सवयीने टिकलं. माझा 'शोध' त्या वर्गमुळात होता. सगळे ईसीजी परत काढले, पुन्हा मोजले. चार महिने गेले.

आता मी असं करते. ईसीजीच्या नोंदींपैकी लीड टू किंवा व्ही फाइव्ह घ्यायचं. टी लहरीच्या (ठोक्याच्या शेवटी दिसणाऱ्या लहरीच्या) उतरत्या बाजूला जिथे उतार सगळ्यात तीव्र आहे तिथे पट्टीने स्पर्शरेषा काढायची, ती तळरेषेला जिथे छेदते तिथे क्यूटीचा शेवट धरायचा. किमान तीन ठोक्यांची सरासरी घ्यायची. कोणतं सूत्र वापरलं ते पेपरमध्ये स्पष्ट लिहायचं. आणि नाडी जलद असेल तर रुग्ण शांत झाल्यावरचा दुसरा ईसीजी मागायचा. त्या सोळा वर्षांच्या मुलीचा ५२० हा आकडा नाडी ७० असताना हाताने मोजलेला होता, म्हणून तो कोणत्याही सूत्राने टिकला.

फॉर्म, आणि पाहणाऱ्याची साक्ष

केसपेपरवर 'जीभ चावली: नाही' आणि 'जीभ चावल्याची नोंद नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेल शीटमध्ये नाहीसाठी ०, होसाठी १ आणि नोंद नसेल तर रकाना रिकामा ठेवून शेजारी कारण लिहा. काही जण नोंद नसल्यास ९ टाकतात. मग कुणीतरी न पाहता सरासरी काढतं आणि ते ९ हिशोबात मिसळून जातात.

पुढच्या अभ्यासासाठी, जिथे रुग्ण समोर असतो, फॉर्ममध्ये पाहणाऱ्याची साक्ष घ्या. माझे प्रश्न ठरलेले आहेत. प्रसंग नेमका कुणी पाहिला? पडण्याआधी रुग्ण काय करत होता, उभा होता, बसला होता, धावत होता, की कसला आवाज झाला? चेहरा पांढराफटक पडला की निळा? झटके आधी आले की आधी कोसळला? जीभ कडेला चावली की टोकाला? शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलला, आणि ते वेळेला धरून होतं का? शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. मूर्च्छेतून उठलेला माणूस बहुधा "काय झालं मला?" असं लगेच विचारतो. मोठी फिट येऊन गेलेला बराच वेळ गोंधळलेला असतो.

वेळ विचारताना "किती मिनिटं?" असं विचारू नका. घाबरलेल्या माणसाला दहा सेकंद पाच मिनिटांसारखी वाटतात. त्यांना डोळे मिटायला सांगा, प्रसंग मनात सुरुवातीपासून पाहायला सांगा आणि संपला की हात वर करायला सांगा. तुम्ही घड्याळ धरा. आणि आता एक प्रश्न आणखी: मोबाइलवर कुणी व्हिडिओ घेतला होता का?

बाण कोणत्या दिशेला आहे?

हृदयात दोष सापडला म्हणजे तोच कारण, असं लगेच मानू नका. मेंदूही हृदयाला धक्का देतो. मेंदूभोवतीच्या रक्तस्रावात ईसीजीवर मोठाल्या, उलट्या टी लहरी दिसतात, हे १९५४ पासून छापील नोंदीत आहे, आणि त्या पाहून हार्ट अटॅक समजण्याची चूक आजही होते. १९९० मध्ये जपानमध्ये वर्णन झालेला ताकोत्सुबो हा विकार (हृदयाचा डावा कप्पा ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा फुगतो म्हणून हे नाव) मानसिक धक्क्याने येतो तसा मेंदूतल्या रक्तस्रावाने आणि फिटनेही येतो. टेम्पोरल लोबमधून (मेंदूच्या कानाजवळच्या भागातून) निघालेली फिट कधीकधी हृदयाचे ठोके काही सेकंद थांबवते. अशा वेळी ईसीजीवर विराम दिसेल आणि तरीही मूळ रोग मेंदूचाच असेल.

म्हणून प्रत्येक नोंदीला वेळ लावा. फिट किती वाजता, ईसीजी किती वाजता, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्तचाचणी) किती वाजता. वेळेचा रकाना नसेल तर कारण आणि परिणाम वेगळे करायचा मार्गच उरत नाही.

आणखी एक गोष्ट पक्षाघाताच्या अभ्यासांनी शिकवली. कारण न सापडलेल्या पक्षाघातानंतर एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) किती रुग्णांत आढळतं, याचं उत्तर तुम्ही किती वेळ शोधता यावर ठरतं. २०१४ मध्ये छापलेल्या एम्ब्रेस अभ्यासात ५७२ रुग्ण होते. आणखी एक २४ तासांची नोंद घेतली तेव्हा ३.२ टक्क्यांत सापडलं, ३० दिवस मॉनिटर लावला तेव्हा १६.१ टक्क्यांत. त्याच वर्षीच्या क्रिस्टल एएफ अभ्यासात त्वचेखाली मॉनिटर बसवून तीन वर्षं पाहिलं तर ३० टक्क्यांपर्यंत गेलं, नेहमीच्या तपासणीत ३ टक्के. तुमच्या अभ्यासात 'आढळलं नाही' असं लिहाल तिथे 'किती वेळ शोधल्यावर' हे शब्द जोडा.

जे तुमच्या यादीत नाहीत त्यांचा विचार

हॉस्पिटलात दाखल झालेलेच रुग्ण तुमच्या शीटमध्ये येतात. रस्त्यात पडून दोन मिनिटांत उठून घरी गेलेला येत नाही. आणि ज्याचं हृदय थांबून परत सुरू झालंच नाही, तोही येत नाही. या दुसऱ्याचा विचार करताना मी प्रत्येक वेळी थबकते. मर्यादांच्या परिच्छेदात हे दोन्ही गट नाव घेऊन लिहा.

रुग्ण थोडे असतील आणि दोष एकातही सापडला नाही, तर 'शून्य टक्के' लिहून थांबू नका. ३ ला रुग्णांच्या संख्येने भागा. ६० रुग्णांत एकही नाही, तर खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. हा सोपा हिशोब प्रत्येक रेसिडेंटला पाठ हवा.

उपगट पाडायचा मोह आवरा. १९८८ च्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि हार्ट अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिनचा फायदा स्वच्छ दिसला. संशोधकांनी इशारा म्हणून राशीनुसार गट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिन किंचित बाधक असल्यासारखं दिसलं. कोणते उपगट पाहणार ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा, आणि तेवढेच पाहा.

आणि काय मोजता आहात ते रुग्णाला महत्त्वाचं आहे ना, हे विचारा. हार्ट अटॅकनंतर जादाचे ठोके पडणाऱ्यांना धोका जास्त असतो, म्हणून औषधाने ते ठोके दाबले तर जीव वाचेल, हे तर्काला इतकं पटणारं होतं की ती औषधं सर्रास दिली जात होती. हाच तर्क तपासणाऱ्या कास्ट चाचणीचा १९९१ चा अहवाल वाचा. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही ठोके दाबणारी औषधं घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागदावरची लय सुधारली होती. मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला पहिल्या आठवड्यात हा अहवाल वाचायला देते.

एथिक्स कमिटीपुढे जाताना

जुने केसपेपर वाचायचे असले तरी कमिटीची परवानगी लागते. नावं वेगळ्या यादीत, ती यादी कुलपात, शीटमध्ये फक्त क्रमांक. हे बहुतेकांना माहीत असतं. जे विसरलं जातं ते असं: जुन्या कागदांत तुम्हाला असा ईसीजी सापडला, जो त्या वेळी कुणी नीट वाचलाच नव्हता, तर काय करणार?

आम्हाला एक सापडला. दीड वर्षापूर्वीचा. रुग्ण अपस्माराचं औषध घेऊन घरी गेलेला. प्रोटोकॉलमध्ये याबद्दल एक ओळही नव्हती, त्यामुळे त्याला बोलवायला परवानगी हवी की नको यावर आम्ही तीन दिवस चर्चा करत बसलो. त्या तीन रात्री मला नीट झोप लागली नाही. तो आला, सुखरूप होता. लाँग क्यूटी सहसा पुढच्या पिढीत जाताना प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता घेऊन जातो, म्हणून त्याच्या दोन्ही मुलांचेही ईसीजी काढले. धाकट्याचा क्यूटीसी लांबलेला निघाला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये तीन ओळी असतात: धोकादायक नोंद सापडल्यास कोण फोन करेल, किती तासांत करेल, आणि रुग्ण आल्यावर त्याला कोण तपासेल. तुम्हीही त्या घाला.

लिहिणं

इथे थोडक्यात सांगते. निरीक्षणात्मक अभ्यासाच्या पेपरमध्ये काय काय लिहायचं, याची स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी आहे, ती पेपर लिहून झाल्यावर नव्हे तर फॉर्म बनवतानाच समोर ठेवा. लेखकांची नावं आणि क्रम पहिल्या बैठकीत ठरवा, त्याच व्याख्यांच्या कागदावर. रात्री तो ईसीजी काढणाऱ्या रेसिडेंटसारखा माणूस तुमच्या कामात असेल, तर त्याला विश्लेषणात आणि लेखनात सामील करून घ्या, म्हणजे त्याचं नाव लेखकांत हक्काने येईल. पैसे घेऊन आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या नियतकालिकांची ईमेल उघडू नका. परीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस उत्तर लिहू नका. तिसऱ्या दिवशी प्रत्येक शेऱ्याखाली काय बदललं आणि कोणत्या पानावर, ते लिहा. माझ्या पेपरवरचा सगळ्यात कठोर शेरा बॅझेटच्या सूत्राबद्दलच होता, आणि तोवर आम्ही सगळं पुन्हा मोजलेलं असल्यामुळे उत्तर चार ओळींत झालं.

पेपर छापून आला की तो घेऊन वॉर्डात जा. आम्ही ईईजीच्या मागणीपत्रावर दोन ओळी वाढवून घेतल्या: 'ईसीजी काढला का?' आणि 'क्यूटी कुणी मोजला?' दुसऱ्या ओळीपुढे मोजणाऱ्याची सही लागते. सहा महिन्यांनी ती मागणीपत्रं काढून सह्या मोजायच्या, असं ठरलं आहे. तो फॉर्म मी नुकताच आखून ठेवला.